सगळ्यांची मावशी

मावशीने बाथरूममधल्या पाटावर बसून पाय लांब सोडले, साडी गुडघ्यांपर्यंत ओढून घेतली आणि मनूला नडग्यांवर पालथं घातलं.

"हं, घाल पाणी. डोक्यावर नको, पाठीवर. तांब्या खाली धर जरा."

मेघना पाणी घालत राहिली. मनू रडली नाही. मान उचलून ओल्या फरशीकडे टकाटका बघत राहिली. मावशीच्या हातात कुठलंच मूल फारसं रडत नसे.

"आई, निघतो मी," बाहेरून मयूर म्हणाला.

"रुमाल घेतलास काय रे?"

"घेतला." तो दारात येऊन डोकावला. "मनू, बघ गंमत. जावई आई म्हणतो आणि पोटची पोरगी मावशी. मोठी झालीस की शिकव जरा तुझ्या आईला."

"जा तू. उशीर होतोय," मेघना म्हणाली.

मावशी म्हणजे मेघनाची सख्खी आई, कांता. नायगावच्या बीडीडी चाळीत एका खोलीत तिने वर्षानुवर्षं पाळणाघर चालवलं होतं. पोलीस क्वार्टर्समधल्या बायका, शिक्षिका, हॉस्पिटलातल्या नर्स सकाळी आपापली पोरं ठेवून धावत सुटायच्या. ती सगळी पोरं कांताला मावशी म्हणायची. त्यांच्यात रांगणारी मेघनाही मावशी म्हणायला लागली आणि ते तसंच राहिलं. पालकसभेला बाई विचारायच्या, "आई नाही आली तुझी?" मेघना तेव्हा मावशीकडे नुसतं बोट दाखवायची.

चाळ रिकामी करायची वेळ आली तेव्हा पाळणाघर बंद झालं. मावशी जवळच भाड्याच्या खोलीत गेली. आता मेघनाची बाळंतपणाची रजा संपत आली होती, आणि मनूला कोण सांभाळणार हा प्रश्न त्या घरात कुणी विचारलाच नव्हता. मावशी रोज सकाळी नायगावहून भोईवाड्याला मेघनाकडे चालत यायची, तशीच पुढेही येणार होती.

"हिच्या तोंडातून अजून काय फुटत नाय," पदराने मनूच्या कानामागचं पाणी टिपत मावशी म्हणाली. मग तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, "मला आजी म्हणायचं हां. तू तरी मावशी म्हणू नको गो बाय."

मेघना हसली. टॉवेल पुढे केला. मावशीने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग टॉवेल घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली नाही. फोन वाजून वाजून बंद पडत होता. मयूर नायगावला पळत गेला. त्याने तिथून फोन केला. मावशी झोपेतच गेली होती.

ऑफिसने रजा थोडी वाढवून दिली. ती कशी सरली ते मेघनाला कळलं नाही. मावशीच्या यायच्या वेळेला मनू मात्र चुकत नव्हती. खेळता खेळता थांबायची आणि दाराकडे बघत राहायची. चांगला वेळ बघायची. मग तोंड वाकडं करून हळूहळू रडायला लागायची. पहिल्या काही दिवसांत मेघना उठून दार उघडून दाखवायची, कुणी नाही म्हणून. नंतर तिला दार उघडायची भीती वाटायला लागली.

"पाळणाघर बघायला हवं," शेवटी मयूरच म्हणाला. "आईंसारखं नाही मिळणार. पण बघू तरी."

दादरला एक बघितलं. भिंतीवर जिराफ, कोपऱ्यात कॅमेरे. मूल दिवसभर फोनवर दिसेल म्हणाले. तिथल्या बाई सांगत होत्या ते मेघना ऐकत होती आणि तिचा हात आपोआप गादीखाली गेला होता. गादी खालून ओली होती. मावशी नवीन जागी गेली की आधी हेच करायची. लालबागला एक बाई मायाळू वाटली, पण सगळी पोरं टीव्हीसमोर गप्प बसलेली. तिथून निघताना मेघनाला आपल्या मागे कुणीतरी, मावशी सोडायची तसा, नापसंतीने नाकातून श्वास सोडल्यासारखा वाटला. ती गर्रकन वळली.

"काय झालं?" मयूरने विचारलं.

"काही नाही."

त्याने मनूला तिच्याकडून आपल्या कडेवर घेतलं.

तिसरी जागा गिरगावातली, तिच्या ऑफिसपासून चालत जाण्याइतकी जवळ. दुपारी येऊन मनूला पाजता आलं असतं. वाडीतल्या एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर शिरोडकर वहिनी दोन खोल्यांत पाच-सहा मुलं सांभाळायच्या. मेघना तिथे एकटीच गेली, मनूला घेऊन.

गॅलरीतल्या दोरीवर लंगोट वाळत होते. उन्हात, नीट ताणून. मेघनाने गादी उचलून पाहिली, दुधाच्या बाटलीचं बूच उघडून वास घेतला. वहिनी बघत होत्या.

"बघा, बघा. स्वयंपाकघर पण बघा. नंतर मनात राहायला नको," त्या म्हणाल्या.

एवढ्यात दीड-दोन वर्षांची एक मुलगी दुडदुडत आली आणि त्यांच्या गाउनला लोंबकळली. "आई! आई!"

वहिनी खाली बसल्या. "मी कोण? मावशी. आई कुठंय? आई ऑफिसला. आई येणार संध्याकाळी."

"मावची," मुलगी म्हणाली आणि निघून गेली.

"दर वेळी सांगता?" मेघनाने विचारलं.

"दर वेळी. गोड वाटतं हो, नाही कशाला म्हणू? पण तो शब्द तिच्या आईचा. ती बिचारी धापा टाकत जिना चढून येणार आणि पोर मला आई म्हणणार... काय होईल तिचं?"

मेघनाने मनूला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. गेल्या कित्येक दिवसांपासून तिला नेमकी हीच भीती वाटत होती. ती तिने मयूरलाही सांगितली नव्हती.

"तुमची मुलं?"

"एक लेक. आता ठाण्याला असते. ती पण मावशीच म्हणायची!" वहिनी हसल्या. "ती आई म्हणाली की बाकीची पोरं नुसती बघत बसायची माझ्याकडे. एकाने तर भोकाडच पसरलं. मग मीच शिकवलं तिला, दिवसा मावशी. रात्री सगळी गेली की आई, आई करून डोकं खायची माझं."

मेघनाच्या घरी, नायगावच्या त्या एका खोलीत, रात्रही मोकळी नसायची. रात्रपाळीच्या नर्सबायांची पोरं तिथेच झोपायची, मावशीच्या दोन्ही बाजूंना. मेघना पायांशी.

"आणि तिने कधीच म्हटलं नसतं तर?"

वहिनी लंगोटांच्या घड्या घालत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मागून नसतं हो घेतलं. मागितलेलं काय कामाचं? वाट बघितली असती." त्यांनी घडी पुरी केली. "द्या इकडे तिला. तासभर ठेवून बघा. तुम्ही खाली जाऊन चहा पिऊन या. जिन्यात थांबू नका हां, पोरांना बरोबर कळतं."

मेघना दार ओढून निघाली आणि जिन्याच्या वळणावर थांबली. आत मनू रडायला लागली होती. आधी विचारल्यासारखी, मग मोठ्याने. मेघनाच्या छातीत दूध दाटलं. तिने कठडा धरला, वर जायला पाऊल उचललं.

"येणार हां, आई येणार," आतून आवाज येत होता. "मी मावशी. आई येणार."

अंधाऱ्या वळणावर खालच्या बाजूला कुणीतरी थांबलं आहे, असं मेघनाला पुन्हा वाटलं. जिना चढून दमलेलं. घाई नसलेलं. या वेळी ती वळली नाही.

"आई," ती म्हणाली.

तोंडाला सवय नव्हती. तिने पुन्हा म्हटलं, जिन्यात घुमेल एवढ्या मोठ्याने. "आई!"

वरचं दार उघडलं. मनूला कडेवर घेऊन शिरोडकर वहिनी वाकून बघत होत्या. मनू हुंदके देत होती, पण त्यांच्या गाउनची गळपट्टी तिने मुठीत धरली होती.

"कोण आलंय हो? कोणाला हाक मारताय?"

मेघनाने वरच्या पायरीवर ठेवलेलं पाऊल खाली घेतलं.

"आईला," ती म्हणाली. "माझ्या आईला."