मेलेला चेहरा आणि पातेल्याचं झाकण

"निघाला! अगं बाई, निघाला!"

मुकादमीणबाईंच्या गालावरून करड्या वळ्या सुटून मांडीवरच्या पांढऱ्या टॉवेलवर पडायला लागल्या, आणि गाद्यांच्या दुकानावरची ती लांबट खोली एकदम पुढे सरकली. चाळीसेक बायका, सगळ्या एकाच लाँड्रीतल्या. कुणी चादरी धुणारी, कुणी पिळणारी, कुणी घड्या घालणारी. आठवडाभर वाफेत शिजायचं आणि हक्काच्या रविवारी इथे येऊन माना उंच करून बसायचं, असा गेल्या महिन्यापासूनचा त्यांचा नेम झाला होता. मागच्यांना दिसेना म्हणून त्या खुर्च्यांवर चढल्या.

मधोमध काळा सुती झगा घातलेली बाई उभी होती. बायका तिला आईसाहेब म्हणत. आपण कातबाई म्हणू, कारण लोकांची कात काढणं हाच तिचा धंदा होता.

"माणसाला दोन चेहरे असतात, पोरींनो," कातबाई म्हणाली. "खालचा जिवंत, वरचा मेलेला. कुणाची वाईट नजर लागली की वरचा मरतो, आणि मेला की खालच्याला खायला लागतो. डॉक्टर काय करतात? मलम फासतात! अहो, प्रेताला पावडर लावली म्हणून ते उठून बसतं का?"

प्रश्न बिनतोड होता. विषयाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, म्हणून तर तो जास्तच पटला. बायका माना डोलावून हसल्या.

तिसऱ्या रांगेतली इस्त्रीवाली मात्र हसली नाही. तिने ओढणी डोळ्यांपर्यंत गुंडाळली होती आणि आत तिचा चेहरा चुरचुरत होता. थंडी सुरू झाली तशी आधी नाकाच्या कडेला कातडी खरखरीत झाली, मग कपाळावर पांढरा कोंडा सुटला, आता गालांवरून पापुद्रे निघत होते. हसलं की ओठांची कड फाटायची. डबा खायच्या वेळी शेजारणी हळूच आपली चटई दूर ओढायला लागल्या होत्या. तेही तिने गिळलं असतं. पण परवा सकाळी वेणी घालताना तिला भिंगरीच्या, तिच्या सहा वर्षांच्या लेकीच्या, गालावर तसाच पांढरा खवला दिसला आणि तिच्या हातातली फणी खाली पडली.

"ये पोरी, तू ये. झाकून काय ठेवतेस? मला इथून दिसतोय," कातबाई म्हणाली.

इस्त्रीवाली उठली. कातबाईने बरणीतला पांढरा लेप ब्रशने तिच्या गालांवर फासला, डोळे मिटायला सांगितलं, आणि काहीतरी पुटपुटत बराच वेळ फुंकर मारत राहिली. लेप ताठ होऊन कातडी ओढली गेली. मग बाईने वाटीतल्या राखेत बोटं बुडवली आणि गालावर घासायला सुरुवात केली.

टप, टप. टॉवेलवर करड्या वळ्या पडल्या. मुकादमीणबाईंच्यापेक्षा जास्त.

कातबाई तिच्या कानाशी वाकली, पण बोलली अशी की शेवटच्या रांगेलाही ऐकू जावं. "फार आत गेलाय गं. घरात लहान लेकरू आहे ना?"

इस्त्रीवालीने मान डोलावली. (लाँड्रीत काम करणाऱ्या तिशीतल्या बाईच्या घरी लेकरू असणं, हे ओळखायला केवढी दिव्यदृष्टी लागते, ते वाचकांनीच ठरवावं.)

"त्याच्यावर उतरलाय. लेकरांची कातडी पातळ, तिथे लेप पुरत नाही. पुढच्या रविवारी घेऊन ये, उजेडपाणी लावू." तिने कोनाड्यातली निळी बाटली उचलून दाखवली. "थोडं भाजेल. भाजू दे. जिवंत कातडीला हे पाणी काही करत नाही, मेलेलीच तेवढी जाळतं. नाही आणलंस, तर वर्षभरात लेकराला आरशात स्वतःची ओळख पटणार नाही. तोवर दोघांनी दिवसातून तीनदा साबणाने चेहरा खसखसून धुवायचा. आणि हा लेप घरात ठेव, राखण करील."

मुकादमीणबाई मागून म्हणाल्या, "घाबरू नकोस. मीपण माझ्या नातीला आणतेय. तिलाही सुरू झालंय."

घाबरू नकोस म्हटल्याने कुणाची भीती गेल्याचं आजवर ऐकिवात नाही. इस्त्रीवाली लेपाची बरणी पोटाशी धरून घरी गेली आणि सगळ्यात आधी तिने आरशावर टॉवेल टाकला.

तो आठवडा तिने कसा काढला, तिचं तिला ठाऊक. नवरा दूरच्या बांधकामावर, फोनवर त्याला काय सांगायचं? माझा चेहरा मेलाय म्हणून? ती तीनदा चेहरा धूत होती, लेकीचाही धूत होती, आणि दर धुण्यानंतर कातडी जास्तच तडकत होती. म्हणजे बाईचं खरंच होतं, मेलेला वर येत होता! तिने भिंगरीचा पापा घेणं बंद केलं. जवळ निजवायची ती पोर, तिला भिंतीकडे सरकवलं आणि मधे उशी घातली.

मंगळवारी साबण लावताना भिंगरी रडली. "आई, चुरचुरतंय." मग तिने विचारलं, "माझा पण चेहरा मेलाय का? मेल्यावर मला दिसेल ना?"

इस्त्रीवाली न्हाणीघरात जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडली, आणि खारं पाणी गालांवरून उतरलं तेव्हा गालांची आग आग झाली.

बुधवारी शाळा सुटल्यावर भिंगरी नेहमीसारखी लाँड्रीच्या खळघरात जाऊन बसली. कडक कॉलरांना आणि टेबलावरच्या कापडांना लावायची खळ तिथे शिजायची. खळवाल्या मावशी तीस वर्षं तेच करत होत्या. पिठाची लापशी ढवळून ढवळून त्यांचे दंड पैलवानासारखे झाले होते आणि जीभही. आईसाहेबांकडे त्या एकदाच गेल्या होत्या. "माझा चेहरा मेला असेल तर मेला, नवऱ्याने लग्नातच मेलेला म्हणून घेतलाय," असं म्हणून परत आल्या होत्या.

इस्त्रीवाली कामाची पाळी संपवून लेकीला न्यायला आली, तर भिंगरी जमिनीवर बसून पातेल्याचं मोठं झाकण घासत होती. झाकणावर उडालेली खळ अर्धवट वाळली होती. पोरीच्या राखेने काळपट झालेल्या अंगठ्याखाली खळीच्या वळ्या होऊन फरशीवर पडत होत्या.

"आई, बघ," भिंगरी म्हणाली, "झाकणाचा मेलेला चेहरा निघतोय."

"तोंड आवर! असलं बोलू नये!" इस्त्रीवाली तिच्या अंगावर धावली आणि अर्ध्यातच थांबली. तिची नजर फरशीवर गेली. टॉवेलवर पडल्या होत्या तशाच वळ्या. तेवढ्याच लांब, तशाच दोन्ही टोकांना निमुळत्या.

मावशींनी कलथा खाली ठेवला. स्वतःच्या मनगटावर सुकलेली खळ अंगठ्याने चोळली. वळी निघाली. "अगं, हे तर मी रोज संध्याकाळी काढते," त्या सावकाश म्हणाल्या. "तू काढतेस, ती घडीवाली काढते. चाळीस जणी रोज हातावरून हेच काढतो आणि रविवारी गालावरून निघालं की किंचाळतो. आण बघू ती तुझी बरणी."

बरणी पिशवीतच होती, भीतीने ती जवळच बाळगत होती. दोघींनी लेप झाकणाच्या कोऱ्या बाजूला लावला, टेबलाला लावला, इस्त्रीच्या मुठीलाही लावला. मावशींनी फुंकर मारली. भट्टीतल्या राखेत बोटं बुडवून इस्त्रीवालीने घासलं. झाकणाचा चेहरा निघाला. टेबलाचा निघाला. इस्त्रीच्या मुठीचाही निघाला, आणि तिला तर कुणाची नजर लागायचं काही कारण नव्हतं.

"खळ आहे ही," मावशी बरणी हुंगून म्हणाल्या. "वरून अत्तर शिंपडलंय, पण अत्तराखालची खळ ओळखायला मला काय वेळ लागतो!"

इस्त्रीवालीला हसू आलं नाही. "पण मावशी, माझे गाल? ते तर खरंच सोलतायत. पोरीचेही. ते कुठे खोटं आहे?"

हा प्रश्न मात्र खरा होता. मावशी म्हणाल्या, "ते मला नाही ठाऊक. ज्याला ठाऊक आहे त्याला विचार. उद्या दवाखान्यात जा."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आईचा चेहरा पाहिला, लेकीचा पाहिला, आणि चष्मा वर सरकवून एवढंच विचारलं, "चेहरा कशाने धुता?"

"साबणाने."

"कोणत्या?"

"कामावरच्या. पिवळ्या वड्या असतात ना, कपड्यांच्या. आमच्याकडे सगळ्याच जणी काम संपलं की त्यानेच धुतात. फुकट मिळतो, आणि घरीही तुकडे नेऊ देतात."

"कढत पाण्याने?"

"कढतच असतं तिथे. गाल चरचर वाजेपर्यंत धुवायचं, म्हणजे स्वच्छ."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला नाही, पण मारावासा वाटला असणार. "अहो, त्या साबणात सोडा असतो. चादरीचा तेलकटपणा काढायला केलेला साबण चेहऱ्याचंही तेल काढणारच. तेल गेलं की ओल टिकत नाही. वरून ही कोरडी हवा आणि तुमची इस्त्रीची धग. कातडी वाळते, तडकते, पापुद्रे सुटतात. हा रोग एकीकडून दुसरीकडे जात नाही. लेकीला गेलाय तो साबण."

इस्त्रीवालीने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली. "मग महागाचं मलम लागेल ना?"

"काही नको. तो साबण बंद. कोमट पाण्याने धुवायचं, घासायचं नाही, टॉवेलने नुसतं टिपायचं. आणि कातडी ओलसर आहे तोवरच व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा, सकाळी आणि झोपताना. सगळ्यात लहान डबी घ्या, दोघींना पुरेल. पापुद्रे ओढू नका. पंधरा दिवसांत उतार नाही पडला, किंवा चिघळलं, तर परत या. मग औषध देऊ. लेकीला अजून काही लावलंय का?"

"नाही. रविवारी उजेडपाणी लावणार होते. थोडं भाजतं म्हणाल्या."

डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन थांबलं. "चेहऱ्यावर भाजणारं पाणी? बाई, कुणीही लावायला आलं तरी लेकराला उचला आणि पळा."

पळून घरी बसणं सोपं होतं. इस्त्रीवालीने तेच करायचं ठरवलंही होतं. पण रविवारी सकाळी गालाला व्हॅसलीन लावताना तिला मुकादमीणबाईंची नात आठवली. चार वर्षांची पोर. इस्त्रीवाली मावशींना घेऊन निघाली. काखेत पातेल्याचं झाकण आणि पिशवीत बरणी. बाई खरीच असली तर? शाप दिला तर? जिन्याच्या दर पायरीला ती हेच मनात म्हणत होती, आणि तरी चढत होती.

खोली खचाखच भरलेली. खुर्चीत नात बसलेली, मुकादमीणबाईंनी तिचे हात मागून धरलेले. कातबाई निळ्या बाटलीचं बूच उघडत होती.

"थांबा!" आवाज चिरकला, पण निघाला. चाळीस माना वळल्या. इस्त्रीवाली पुढे गेली, झाकण टेबलावर ठेवलं, बरणीतला लेप लावला, फुंकर मारली आणि वाटीतली राख घेऊन घासलं. करड्या वळ्या टेबलावर पडल्या.

कातबाई क्षणभरच चपापली. "धातूलाही नजर लागते, पोरी! ज्या घरातलं झाकण, त्या घरावर..."

"घरातलं नाही, लाँड्रीतलं आहे," मागून मावशी म्हणाल्या. "आणि त्याच्यावर कुणाची नजर असेल तर माझीच. तीस वर्षं आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. इस्त्रीवालीचं लक्ष बाटलीकडे होतं. गुलाबाच्या वासाखालून दुसरा एक वास येत होता, नाकात शिरणारा, ओळखीचा.

"आईसाहेब," ती म्हणाली, "हे पाणी जिवंत कातडीला काही करत नाही म्हणालात. मग एक थेंब आधी तुमच्या हातावर घ्या."

"मला काय गरज? माझा चेहरा जिवंत आहे."

"म्हणूनच तर म्हणते. घ्या ना."

तिने बाटलीला हात घातला, तशी कातबाईने झटक्यात हात मागे ओढला. जिवंत कातडीची तिला फारच काळजी दिसली. त्या ओढाताणीत बाटली हिंदकळली आणि काळ्या झग्याच्या लोंबत्या बाहीवर घोटभर पाणी सांडलं.

सगळ्या बाहीकडे बघत राहिल्या. काळ्या कापडावर आधी तांबूस ठिपका उमटला, मग तो पसरला, मग मधोमध फिकट पिवळा पडला. हे समजावून सांगायला डॉक्टर लागत नव्हता. त्या चाळीसही जणींनी हे पाणी रोज पाहिलं होतं, रबरी हातमोजे घालून.

"डाग काढायचं ब्लीच," घडीवाली पुटपुटली. "तेही पाणी न घातलेलं."

मुकादमीणबाईंनी नातीला उचलून छातीशी असं दाबलं की पोर रडायला लागली. मग त्यांनी तिला मावशींकडे दिलं, बाटली हातात घेतली, बूच घट्ट लावलं आणि कातबाईच्या दंडाला धरून म्हणाल्या, "चला. तुमचा उजेड जरा पोलिसचौकीतही पडू द्या." दार गाठेपर्यंत आईसाहेबांच्या तोंडून एकही मंत्र निघाला नाही.

पंधरा दिवसांनी इस्त्रीवालीच्या गालांवरचे पापुद्रे जवळपास गेले. लाँड्रीच्या मोरीवर आता पिवळ्या वडीला फक्त कपडे भेटतात, आणि खुंटीवर व्हॅसलीनची एक सामाईक डबी टांगलेली आहे. आरशावरचा टॉवेल तिने स्वतः काढला. मधली उशीही काढली.

त्या दिवशी भिंगरीने गाल पुढे करून विचारलं, "आई, आता जिवंत आहे का?"

"कायमच होता गं," ती म्हणाली आणि दोन्ही गालांचे असे पापे घेतले की तिचे ओठ व्हॅसलीनने चिकट झाले. "मेली होती ती माझी अक्कल."

तिच्यावर हसू नका. अक्कल तिला होतीच, भीतीने तेवढी झाकली होती. लेकराच्या जिवाची धास्ती घातली की भल्याभल्यांचं असं होतं, आणि भोंदू लोक नेमकी तिथेच बोटं घालतात. म्हणून एवढंच सांगणं आहे. कुणी चमत्कार दाखवला, तर तो आधी झाकणावर करून बघा. कुणी भाजणारं पाणी दिलं, तर आधी त्याच्याच हातावर ओता म्हणा. आणि कातडीला काही झालं, तर दवाखान्यात जाऊन दाखवा. तिथे पहिला प्रश्न साबणाचा विचारतात, नजरेचा नाही.