निळ्या पिंपातला संसार

मी बोलतोय, शेणवा गावाजवळच्या वाडीतल्या विहिरीचा मासा. फार मोठं काही शोधू नका, बोटभरच आहे. डोक्यावर चांदीसारखा ठिपका दिसला, की मीच समजा. पोरं मला टिकली म्हणतात. बाप्याला टिकली, पण मला विचारतो कोण.

पूर्वी ओढ्याओढ्याला आमचे नातेवाईक होते. काही ओढे आटले, काहींत कुणी परके मासे आणून सोडले. आता उरलो आम्ही दोघंच, मी आणि ही. डासांच्या अळ्या खाऊन विहीर स्वच्छ ठेवतो, त्याचं कौतुक कुणाला नाही. वाडीची रीत मात्र चांगली. विहिरीतला मासा शिजवायचा नाही. बादलीतून वर आलो, तर पाणी भरायला येणाऱ्या सकुबाई मला परत सोडायच्या.

गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीचा शेखर विहिरीत टाकायला जंतू मारायची पावडर घेऊन आला. सकुबाई पदर खोचून काठावर उभ्या राहिल्या.

"आधी मासं काढते, मंग टाक."

"दोन माशांसाठी थांबू, मावशी?"

"दोनच राहलेत, म्हणून तं थांब."

ही शहाणी, पहिल्याच बादलीत बसली. मला वाटलं, पकडायला आलेत. मी कपारीत शिरलो. तासभर बादली चुकवली, चाळण चुकवली, सकुबाईंची सून राही, तिची ओढणीही चुकवली. स्वतःच्या चपळाईवर मी बेहद्द खूश होतो. वर शेखर पावडरची पिशवी उशाशी घेऊन झोपला. शेवटी राहीनं पायरीवर बसून आडव्या कळशीत एक मुंगळा टाकला आणि मी तोंड उघडून आत गेलो.

तेव्हापासून आम्ही सकुबाईंच्या अंगणातल्या निळ्या पिंपात राहतो. सोबतीला विहिरीतलं शेवाळ. ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मग बोलली. आता शेवाळात अंडी आहेत. खायचा मोह मलाही होतो, खोटं कशाला बोलू, पण हिची नजर असते.

आज राही पिंप घासायला आली. तिनं शेवाळ उचललं आणि माझा जीवच गेला. मी ओरडलो, पण वर नुसता बुडबुडा आला.

"आत्या, ह्ये काय चिकटलाय?"

सकुबाई वाकल्या. "ठेव गो आत. अंडी हायेत."

"मंग वापरायचा पाणी कशात भरू?"

"हंड्यात. पोरा मोठी होईस्तवर दोन खेपा जादा मारू."

राही कुरकुरत हंडा घेऊन निघाली. सकुबाई दुसरा हंडा घेऊन तिच्यामागे, कंबर धरत.

आमची पोरं वाढेपर्यंत या दोघींचे गुडघे टिकू देत, माझं दुसरं काही मागणं नाही.