डागाची कड

प्रयोगशाळेचे कुलूप काढून प्रतीक्षाने खिडक्या उघडल्या, ओव्हनमधल्या काचेच्या बशा थंड करायला ठेवल्या आणि मागच्या जाळीघरात जाऊन अंजिराची रोपे पाहिली. पिवळे जिवाणू टोचून पिवळी चिठ्ठी लावलेल्या कुंडीतली पाने आजही हिरवीगार होती. पांढरे टोचलेल्या, पांढऱ्या चिठ्ठीच्या कुंडीतली पाने डागाळलेली होती. त्याच डागांतून तिने पुन्हा वाढवलेले जिवाणू आता इन्क्युबेटरमधल्या बशीत दिसत होते : पांढरे, आधीच्यासारखेच. रोग यांचाच, ही ओळख पटली होती.

पिवळे जिवाणू सरांनी शोधलेले. डॉ. दिनानाथ चुरी पालघरच्या या संशोधन केंद्राचे प्रमुख. मनोरजवळच्या नवसी या शेतकरी बाईच्या अंजिराच्या बागेतून त्यांनी पान निवडले होते ते फोटोत उठून दिसेल असे. सर्वांत मोठा, मधोमध वाळून फाटलेला डाग. रोग डागाच्या कडेने पुढे सरकत असतो आणि मध्यभागी फक्त मेल्या पानावर जगणारे उपटसुंभ उरतात, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. सर स्वतःच शिकवत. तरी त्या उपटसुंभांनाच त्यांनी नवा, भयंकर रोग ठरवले आणि बाग मुळासकट जाळावी, असे जिल्हा कृषी कार्यालयाला कळवूनही टाकले.

प्रतीक्षाने कोवळ्या डागाची कड कापली होती. तिथे पांढरे जिवाणू निघाले. त्यांचे कुळ ओळखीचे होते. रोगट फांद्या छाटल्या, गळलेली पाने जाळली, तर झाड वाचते.

नवसी दारात आली आणि तिच्यामागून सर.

"पायरीवरच थांब. लादी पुसलीय," सर तिला म्हणाले.

"थांबलीच हाय. झाडा तोडाची का ठेवाची, तेवढा सांगा. मानसा पाठवताव म्हनं तुमी."

"तोडायची. करवंदं विकायची सोडून तुला बागायतदार व्हायला सांगितलं कुणी?"

"तुमीच, साहेब. रोपा तुमचीच हायत. करवंदीला रोग नाय येत. तिला साहेब लागत नाय."

सर हसले नाहीत. प्रतीक्षाने दोन्ही कुंड्या टेबलावर आणून ठेवल्या.

"सर, पिवळ्याने रोग होतच नाही. पांढऱ्याने होतो."

"रोप निबर असेल तुझं. बागेतल्या पानाचा फोटो घे आणि पिवळ्या कुंडीच्या नावाने अहवालात लाव. कुंडी बघायला कोण येणार आहे इथे?"

"आणि पांढरे?"

"तुझे वडील, नागोराव, काय करतात गं बोईसरच्या कारखान्यात? रंगच मिसळतात ना? मग पिवळ्या-पांढऱ्याची हौस घरी भागव. इथे विज्ञान चालतं."

या माणसाची तिला आजवर भीती वाटत आली होती. आता त्याच्या इस्त्रीच्या कॉलरकडे, खिशातल्या तीन पेनांकडे पाहताना ती भीती तिला कुठे सापडेना. आपली चूक झाकण्यासाठी दुसऱ्याची झाडे जाळायला निघालेल्या माणसाशी वाद घालणे म्हणजे त्याला मान देणे. तेवढी त्याची लायकी नव्हती.

"बरं, सर," ती म्हणाली.

समाधानाने सर केबिनमध्ये गेले आणि त्यांनी चहा मागवला.

प्रतीक्षाने दोन्ही कुंड्यांचे, चिठ्ठ्या नीट दिसतील असे फोटो काढले. बशांचेही काढले. तपासणीची रीत, निष्कर्ष आणि झाडे तोडू नयेत ही शिफारस तिने स्वतःच्या नावाने जिल्हा कृषी अधिकाऱ्यांना पाठवली. सरांविषयी एक शब्दही लिहिला नाही. मग छाटणीची कात्री आणि स्पिरिटची बाटली पिशवीत टाकून ती पायरीवर आली.

"चला, मावशी."

"कुठं?"

"तुमच्या बागेत."

"तो साहेब वरडेल ना?"

"ओरडू दे."

दोघी मनोरच्या जीपमध्ये बसल्या. बागेत पोचल्यावर नवसीने पहिली फांदी वाकवून धरली. डाग संपून निरोगी लाकूड जिथे सुरू होत होते, त्याच्याही खाली प्रतीक्षाने काप घेतला, पाते स्पिरिटने पुसले आणि पुढची फांदी धरायला सांगितले.