सुई सोडली

बायकांनी नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, त्याचं आयुष्य कमी होतं. मी घेते. यादव. आता कमी व्हायला उरलंय काय?

आमचा मळा आनंदवलीला, नाशकापासून कोस-दीड कोस. शेवंती, झेंडू, थोडे गुलाब. सत्ताविसाव्या वर्षी यादवांना मधुमेह जडला. माणूस वाळून लाकूड झाला, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई सुरू केली, सकाळ-संध्याकाळ. प्रायमसवर सुई उकळायची, ओल्या वाळूच्या मडक्यातून बाटली काढायची आणि मांडीत टोचायची. आठ वर्षं मीच टोचली. माझा हात एकदाही चुकला नाही, कोणीही येऊन विचारावं.

शेवटच्या दोन वर्षांत पोटानं दगा दिला. सकाळची भाकरी संध्याकाळी जशीच्या तशी उलटून यायची. दोन घास खाल्ले की पोट टम्म. चार-चार दिवस परसाकडे होत नसे, आणि मग एखाद्या दिवशी फुलं तोडता तोडता पळायची पाळी. दर वेळी वेळेवर पोचतच असं नाही. मी धोतर धुवायची आणि ते माझ्याकडं पाठ करून बसायचे.

डॉक्टर म्हणाले, "या आजारानंच पोटाची ताकद गेलीय. पातळ खा, थोडं थोडं खा. पण बाई, एक ध्यानात ठेवा. सुई घेतली आणि खाल्लेलं पोटात टिकलं नाही, तर घाम सुटेल, हात कापतील, भलतंसलतं बोलायला लागतील. लगेच गूळ द्यायचा, नाहीतर माणूस हातचा जाईल. पण म्हणून सुई सोडायची नाही. ती सुटली की सगळंच संपलं." तेव्हापासून यादवांच्या बंडीच्या खिशात गुळाचा खडा कायम असायचा.

सासरे, फकिरा माळी, मोठे सोवळे. त्यांना कोणीतरी सांगितलं की हे औषध गुराच्या पोटातून काढतात. खरंच काढतात, डॉक्टरही नाही म्हणाले नाहीत. झालं! लेकाचं ताट गोठ्यात गेलं. लेकाच्या हातचं पाणी बंद. त्यानं तोडलेली फुलं घरच्या देवाला चालायची नाहीत, बाजारात विकायला मात्र चालायची. यादवांना उलटी झाली की म्हातारा ओट्यावरून म्हणायचा, "पोट बाटलं. ते कसं अन्न ठेवंल?" मेलेल्या माणसाला वाईट बोलू नये. पण मी बोलणार.

छत्तीस सालच्या चैत्रात म्हातारा गेला. शेवटचा शब्दही तोच, "यादव, सुई सोड."

दहाव्याला आम्ही रामकुंडावर गेलो. नऊपर्यंत सगळं उरकेल, असं भटजींनी सांगितलं होतं. निघायच्या आधी मी सुई दिली आणि सासूबाईंची पाठ वळताच वाटीभर पेज पाजली. पिंड देणाऱ्यानं कावळा शिवेपर्यंत उपाशी राहायचं असतं, हे मला का ठाऊक नव्हतं? म्हटलं, पाप लागायचं ते मला लागू दे.

डोकं भादरून, गंगेत बुडी मारून यादव ओल्या धोतरानं बसले. बंडी सासूबाईंच्या मांडीवर. पिंड मांडून झाले आणि यादवांना उलटी आली. सगळी पेज पायरीवर. शंभर डोळ्यांनी बघितली.

"बापाच्या दहाव्याला गिळून आलास?" सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. "आता कसला शिवतोय कावळा!"

आणि खरंच शिवेना. रामकुंडावर कावळ्यांना काय तोटा? शेजारच्या पिंडावर झुंबड, आमच्याकडं एक मेला ढुंकून बघेना. नऊ वाजले, दहा वाजले, पायऱ्या तापल्या. जो तो हात जोडून म्हाताऱ्याला आळवायला लागला. तुमच्या गाई विकणार नाही. आईला अंतर देणार नाही. कावळे आपले लांबच.

यादवांच्या कपाळावर घाम फुटला. बोटं थरथरायला लागली. माझ्याकडं बघून म्हणाले, "फुलांची पाटी कुठं ठिवली गं?"

"आत्याबाई, बंडी द्या. गूळ हाय तिच्यात. जीव जाईल त्यांचा!"

"कावळा शिवायच्या आधी गोड घालतीस त्याच्या तोंडात? आणखी किती बाटवशील?" सासूबाईंनी बंडी मांडीखाली सरकवली आणि तिच्यावर बसल्या. सख्खी आई होती हो ती! मी झोंबायला गेले, तर भावकीतल्या दोघींनी माझे हात धरले.

चुलत सासरे सावळीराम पुढं आले. "घाम बघा कसा सुटलाय. बाप अंगात आलाय त्याच्या. म्हाताऱ्याची इच्छा काय व्हती, सगळ्यांना ठावं हाय. यादव, बोल, सुई सोडतो म्हन!"

यादवांची मान कलली होती. बोलायचं कुठलं? डोळे पांढरे व्हायला लागले होते.

मग मी बोलले. काहीही बोलावं आणि त्यांच्या तोंडात गूळ जावा, एवढंच मला कळत होतं. पुढचं पुढं. मी ओरडले, "मामंजी, तुमच्या लेकाची सुई सुटली! या हातांनी पुन्हा टोचणार नाही! आता तरी शिवा!"

कावळा आला. उडी मारत पिंडापाशी गेला आणि शीत उचललं. एकच कल्लोळ झाला, बायका रडायला लागल्या. मी हात सोडवले, बंडी ओढली, गूळ पाण्यात कालवून त्यांच्या ओठांत घातला. घटकाभरानं डोळे उघडले. वाटलं, वाचवला गं बाई मी नवरा.

संध्याकाळी प्रायमस पेटवला. सासूबाईंनी अडवलं नाही, सावळीरामांनीही नाही. यादवांनीच माझा हात धरला.

"शबूद दिलास ना बाबांना?"

"गुळासाठी दिला! तो काय शब्द झाला?"

"पन शिवले ना? सुई लागल्यापास्नं माझ्या हातचं पानी प्याले नाईत, गोजरे, आन् आज माझ्या पिंडाला शिवले. आता सुई घेतली तर परत तोंड फिरवतील."

मी पाया पडले. शिव्या दिल्या. बाटली पदरात लपवली. त्यांनी ती हिसकून गोठ्यातल्या दगडावर फोडली.

मग तहान लागली. हंड्यानं पाणी प्यायचे आणि उलटून टाकायचे. पोट असं दुखायचं की गुडघे छातीशी घेऊन कण्हत पडायचे. तोंडाला नासलेल्या फळांचा वास येत होता. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "सुईचं विष निघतंय." सोळाव्या दिवशी यादव गेले.

दहाव्याला पुन्हा तोच घाट, तेच भटजी. आम्हाला मूलबाळ नव्हतं, पिंड धाकट्या दिरानं, लहानूनं दिला. कावळा शिवेना. बापानं जवळ केलं, एवढंच यादवांना ऐकायचं होतं, ते मला ठाऊक होतं, पण मी तोंड उघडलं नाही. एकदा उघडलं होतं, तेवढं पुरे.

थोड्या वेळानं लहानू म्हणाला, "भूक लागलीया लय."

भटजींनी दर्भाच्या चार काड्या घेतल्या, पीळ देऊन कावळा केला आणि पिंडाला टेकवला. "झालं. उठा."

सासूबाईंनी कनवटीचा गुळाचा खडा काढून लहानूच्या हातावर ठेवला. "खा रं, कवाचा उपाशी हायेस."

मी भटजींसमोर जाऊन उभी राहिले. "असा चालतो कावळा?"

"न चालायला काय झालं? शास्त्रच आहे. घटकाभर वाट बघायची, नाही आला तर दर्भाचा करायचा."

"मग त्या दिवशी का नाही केलात?"

भटजी सामान बांधत होते. "त्या दिवशी कोणी घाई केली नाही, बाई."