पोलिसाला दाखवायचा कागद

आपल्याकडे गाडी घेतली की नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं, गल्लीभर पेढे वाटले जातात. सीटकव्हर भारीतलं हवं, स्पीकर दणदणीत हवा, मागच्या काचेवर लेकराचं नाव सोनेरी अक्षरांत हवं. तिथं कुणी हात आखडता घेत नाही. विम्याचं नाव निघालं की मात्र हाच माणूस एकदम काटकसरी होतो आणि विचारतो, "स्वस्तातलं काय हाय?" ही काटकसर नव्हे, हा निर्लज्जपणा आहे. कसा, ते ऐका.

सोमशेखर हे कोल्हापुरातले कापड दुकानदार. माणूस नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्या बावीस वर्षांच्या लेकीला, सुष्मिताला, इचलकरंजीतल्या एका कापड कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि सुटायला रोज आठ वाजणार होते. म्हणून सोमशेखरांनी ओळखीतून एक जुनी चारचाकी गाडी घेतली. गाडी चांगली होती, पण तिचा विमा संपलेला होता. सुष्मिताला लायसन्स मिळून जेमतेम दोन महिने झाले होते.

शुक्रवारी गाड्यांचे कागद करून देणारा सम्राट दुकानात येऊन टेकला. डोक्यावर गॉगल, हातात दोन मोबाईल. चालवणारी नवशिकी, त्यात पोरगी, म्हणजे कंपन्या दुप्पट पैसे लावतात, असं त्यानं तोंड वाकडं करून सांगितलं. पण आपली ओळख आहे, निम्म्याहून कमीत काम करतो, असंही वर म्हणाला. सोमशेखर हरखले. तासाभरात पॉलिसी मोबाईलवर आली. नाव बरोबर, गाडीचा नंबर बरोबर, कंपनीचा शिक्कासुद्धा झोकात.

सुष्मितानं त्या कागदाच्या कोपऱ्यातला चौकोनी कोड सहज स्कॅन केला. पडद्यावर नंबर त्यांच्याच गाडीचा आला, पण वाहनाचा प्रकार लिहिला होता दुचाकी. म्हणजे सम्राटनं मोटारसायकलीचा विमा उतरवून कागदावर मोटारगाडी छापली होती. सोमशेखरांनी त्याला फोन लावला, तर तो हसला. पोलीस काय स्कॅन करत बसत नाहीत, तुमच्या गल्लीत सगळ्यांनी हेच घेतलंय, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

सोमशेखरांनीही तो विषय तिथंच मिटवला. "पोलिसाला दाखवायला कागद लागतोय, तेवढाच त्याचा उपयोग. तू काय कुणाला ठोकणार हाईस व्हय?"

शेजारी मेहरुन्निसाभाभी साड्यांच्या घड्या घालत होत्या. अकरा वर्षं त्या या दुकानात कामाला. त्यांचा नवरा दिलदार मागावर काम करायचा. सहा वर्षांपूर्वी पाळी संपवून सायकलवरून घरी येताना एका मोटारीनं त्याला मागून उडवलं, आणि गुडघ्याखालून पाय काढावा लागला. कोर्टानं भरपाई मंजूर केली, पण मिळाली नाही. मोटारीच्या विम्याचा कागद खोटा निघाला, आणि मालकाच्या नावावर जप्त करण्यासारखं काही नव्हतं. निकालाच्या दिवशी सोमशेखर स्वतः भाभींबरोबर कोर्टात गेले होते. असल्या माणसाला भर चौकात चपलेनं हाणला पाहिजे, असं ते तिथं चारचौघांत ओरडले होते.

भाभींनी हातातली साडी खाली ठेवली.

"मालक, तुमी कोर्टात त्या माणसाला काय म्हणालता, ध्यानात हाय न्हवं?"

"त्याचा हितं काय संबंध?"

"त्योबी हेच म्हणालता. पोलिसाला दाखवायला कागद घेतलता म्हणून. वाईट माणूस न्हाय त्यो. दर ईदला मिठाईचा बॉक्स घिऊन येतोय, दाराशी बसून रडतोय. मिठाईवर घर चालत न्हाय, मालक."

"मला त्याच्या पंगतीत बसवतायसा व्हय?"

"मी कशाला बसवू? तुमी सोताच जाऊन बसलाय की."

दुकानातली गिऱ्हाइकं मान वर करून बघू लागली. सोमशेखर लालबुंद झाले. कामापुरतं बोला, नाहीतर उद्यापासून येऊ नका, असं ते बोलून बसले. भाभींनी पिशवी उचलली. ही नोकरी गेली तर चूल कशी पेटणार, हे त्यांना ठाऊक होतं. तरी निघताना त्यांनी एवढं सांगितलंच, की दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणाऱ्या सक्तीच्या विम्याचा दर सरकार ठरवतं. तो इंजिनाच्या आकारावर ठरतो, चालवणाऱ्याच्या वयावर नाही, पोरगा की पोरगी यावर तर नाहीच. त्याहून स्वस्त कुणी देत असेल तर तो खोटाच. कोर्टाच्या पायऱ्या झिजवून त्या हे शिकल्या होत्या.

भाभी गेल्या आणि सुष्मितानं गाडीची किल्ली गल्ल्याशेजारी ठेवली.

"आप्पा, मी वडापच्या जीपनं जाईन. पण एक सांगा. माझ्या हातनं कुणाला लागलं, तर मी कुणाच्या घरी मिठाईचा बॉक्स घिऊन जायाचं?"

सोमशेखरांनी किल्ली उचलून हातात धरली. ज्याला सहा वर्षं शिव्या घातल्या, तोच माणूस आपल्याच गल्ल्यावर बसला होता! आणि लेकीलाही आपण तोच माणूस बनवणार होतो!

शनिवारी त्यांनी तीन कंपन्यांकडे चौकशी केली. सक्तीच्या विम्याचा दर खरोखरच तिन्हीकडे सारखा निघाला. आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात मात्र फरक होता. किरकोळ दुरुस्तीचा खर्च स्वतः सोसायचं कबूल केलं आणि विम्याला जोडलेली नको ती जादा कलमं काढून टाकली, तेव्हा तोही आवाक्यात आला. सगळं मिळून खर्च गाडीसाठी ठरवलेल्या नव्या स्पीकरपेक्षा कमी! त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी ते लेकीला घेऊन भाभींच्या घरी गेले. दिलदार खुर्चीत बसला होता. सोमशेखरांनी माफी मागितली आणि मोबाईलवरची नवी पॉलिसी पुढं केली. भाभींनी आधी सुष्मिताकडून कोड स्कॅन करून घेतला, नाव आणि वाहनाचा प्रकार तिला मोठ्यानं वाचायला लावला. मग म्हणाल्या, "येतो उद्या कामावर. पर त्या सम्राटचं काय करणार?"

सोमशेखरांनी पोलिसांत तक्रार दिली. मग आपला खोटा कागद हातात घेऊन ते गल्लीत दुकान दुकान फिरले. अकरा जणांचे कागद तसलेच निघाले. आणि लोक चिडले ते सम्राटवर नव्हे, सोमशेखरांवर! चाललंय ते चालू दे की, कशाला उकरून काढता, म्हणाले. खरा विमा घेतला तिघांनी. बाकीचे आठ आजही त्याच खोट्या कागदांवर गाड्या हाकतात.

मंडळी, त्या आठांत आपण नाही ना, हे आजच तपासा. गाडीवर नवशिकी पोर बसणार असेल तर दोनदा तपासा. सक्तीचा विमा आपल्या गाडीसाठी नसतो, पोलिसासाठी तर नसतोच. आपल्या हातून ज्याचं हाड मोडू शकतं, त्या अनोळखी माणसाचा तो हक्क आहे, आणि आपण घासाघीस करत असताना तो बिचारा तिथं नसतो. त्याच्या ताटातलं काढून वाचवलेल्या पैशाला बचत म्हणत नाहीत, चोरी म्हणतात.