न बदललेली कात्री

मी एक जुनी छाटणीची कात्री आहे. मित्रांनो, माझी पाती बोटभर लांब आहेत आणि मुठीचं लाल रबर झिजून गेलं आहे. गंजाची मला भीती नाही. भीती वाटते ती पात्यांना काय चिकटून येतं त्याची, कारण ते मलाही दिसत नाही.

जपानमधल्या एका छोट्या कारखान्यात मी घडले आणि थेट कॅनडात, हॅमिल्टनच्या एका कॉलेजात आले. तिथे शहरातली शेती शिकवतात. पहिली चार वर्षं मी गच्चीवर टोमॅटोचे फुटवे काढले, कोवळा पालक कापला. "ही बघा, लोण्यातून चालावी तशी चालते," असं शिक्षिका विल्मा डाइक्स्ट्रा नव्या मुलांना सांगायच्या, तेव्हा मला केवढं बरं वाटायचं. पुढे नवी कात्री आली आणि दोन हिवाळे मी खणात पडून राहिले.

मग औषधी गांजाच्या लागवडीचा वर्ग सुरू झाला. कुलपातली खोली, भिंतीवर सरकारी परवाना आणि पाच मातृझाडं. त्यांच्या फांद्या कापून कलमं करायची. नियम एकच. एक कात्री हातात, दुसरी जंतुनाशकात; जोडीला म्हणून मला खणातून बाहेर काढलं. झाड बदललं की कात्री बदलायची.

वर्गातली शॉना हा नियम सगळ्यांत काटेकोर पाळायची. तिची दीड वर्षाची मेव्ह कॉलेजच्याच पाळणाघरात असे, त्यामुळे शॉनाचं अर्धं लक्ष सतत फोनकडे.

"कात्री बुडवतेस की तिला आंघोळ घालतेस गं?" शेजारचा टिओ चिडवायचा.

"तुझ्या मोज्यांनाही घालू का? त्यांना जास्त गरज आहे."

त्या मंगळवारी तिसऱ्या झाडाची कलमं झाली आणि पाळणाघरातून फोन आला. मेव्हला ताप चढला होता. शॉना दाराबाहेर जाऊन बोलली, परत आली. "एवढी दोन झाडं उरकते आणि पळते," असं पुटपुटत तिने पुन्हा मलाच उचललं. मी थिजले. चौथं झाड. पाचवं झाड. प्रत्येक कापाला मला ओरडावंसं वाटत होतं.

मेव्ह दोन दिवसांत खेळू लागली. शुक्रवारी मात्र सोमवारी, म्हणजे कलमांच्या आदल्या दिवशी, पाचही झाडांच्या घेतलेल्या नमुन्यांचा अहवाल आला. तिसऱ्या झाडाला तो रोग होता, ज्यात पानं हिरवीगार दिसतात आणि फुलं पोकळ निघतात. त्याला इलाज नाही.

"तिसरं काढून टाकू," विल्मा म्हणाल्या. "बाकीची चारही स्वच्छ आहेत. त्यांची कलमं आत्ताच सगळ्यांना वाटा."

शॉनाला मंगळवार आठवला. बोलली तर प्रात्यक्षिक रद्द, सत्र पुन्हा. सत्र गेलं की ते पुन्हा सुरू होईपर्यंत पाळणाघरातली जागाही जाणार, ती फक्त शिकणाऱ्यांच्या मुलांसाठी होती. न बोलली तर वीस जणांच्या ट्रेमध्ये रोग शिरणार, आणि कित्येक आठवडे कुणाला पत्ता लागणार नाही. मी तिच्याच हातात होते. सांग गं, मी मनात म्हणत होते, सांग.

टिओने ट्रे उचलला.

"खाली ठेव तो," शॉना म्हणाली. "विल्मा, मंगळवारी मी कात्री बदलली नाही. तिसऱ्यानंतर चौथ्या-पाचव्यालाही हीच लावली."

"किती कलमं?"

"छत्तीस. सगळी मीच केलेली."

विल्मांनी चौथं आणि पाचवं झाड बाजूला ओढलं. "लागण झाली असली तरी लगेच कळणार नाही. तोवर ही झाडं आणि त्यांची कलमं इथे ठेवता येणार नाहीत. तूच काप."

"आणि माझं सत्र?"

"पुन्हा करावं लागेल. पाळणाघराशी मी बोलते, पण शब्द देत नाही."

शॉनाने फांदी फांदी करत दोन्ही तजेलदार झाडं खाली आणली. ती आजारी होती की नव्हती, हे आता कुणालाच कळणार नाही. मग तिने माझ्या खिळ्याजवळची, जंतुनाशक नीट न पोचणारी खाच निरखून पाहिली आणि मलाही कचऱ्याच्या पिशवीत टाकून गाठ मारली.

मित्रांनो, इथे अंधार आहे आणि मला भीती वाटते आहे. पण बाहेर टिओ पहिल्या दोन झाडांची कलमं वाटतो आहे, ते ऐकू येतं. तुमची हत्यारं धुवा, पुसा, जपा. आणि कधी विसरलात, तर आठवेल त्या क्षणी सांगा. त्या दिवशी दोघींनाच ठाऊक होतं, तिला आणि मला. मला बोलता येत नव्हतं.