बारा शिंपले

नेली लग्न होऊन डोंगरातल्या त्या घरी आली, तेव्हा तिच्या पेटीत माहेरच्या किनाऱ्यावरचे बारा मोठे शिंपले होते. सासू गोबनेटने ते पाहिले आणि म्हणाली, "कोंबड्यांना ताटं आणलीस वाटतं." शिंपले माळ्यावर गेले.

उन्हाळ्यात दिव्याच्या वातींसाठी लव्हाळे सोलायचं काम नेलीकडे आलं. गोबनेटची नजर अधू झालेली, आणि नेलीला विचारायची लाज. तिने आपले माहेरी सोलत तसेच सोलले, साल पार काढून, आतला पांढरा गर तेवढा ठेवून. जुड्या आढ्याला टांगल्या, झालं.

नोव्हेंबरात त्यांच्या घरची पाळी आली. पाद्री घरी येऊन भल्या पहाटे मिसेची प्रार्थना म्हणणार, सगळी वस्ती जमणार, म्हणजे घराची अब्रूच पणाला. आदल्या दुपारी गोबनेटने मेंढीची चरबी वितळवली, एक लव्हाळा त्यात बुडवून लोखंडी चिमट्यात उभा केला. तो मान टाकून पडला. दुसराही तसाच. तिसऱ्यावरून तिने बोट फिरवलं.

"पाठीची साल कुठाय? एक पट्टी ठेवायची असते गं. हा उभा राहणार कशाच्या जोरावर?"

"आमच्याकडे उभा करत नाहीत, आई. शिंपल्यात आडवा ठेवतात."

"मग आता काय, त्या मोलकडे हात पसरू? मेले तरी जायची नाही."

शेजारची मोल वर्षभर ऐकवत बसली असती. नेलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग तिचंही डोकं फिरलं. तिच्या बापाने जन्मभर शिंपल्यातल्या दिव्याच्याच उजेडात जाळी विणली होती. ती शिडी लावून माळ्यावर चढली.

पहाटे माणसं आली तेव्हा वेदीच्या दोन मेणबत्त्या सोडल्या, तर घरभर शिंपलेच तेवत होते. चरबीत आडवा गर, पेटतं टोक काठावर. उजेड इतका, की पाद्रींनी पुस्तक एकदाही डोळ्यांशी नेलं नाही.

मिसा संपली आणि मोलने नाक मुरडलं. "का गं गोबनेट, चिमटा मोडला का? शिंपल्यावर आलीस ती."

नेलीने मान खाली घातली.

"चिमटा चांगला धडधाकट आहे, हवा तर घेऊन जा," गोबनेट म्हणाली. "आमच्या घरी आता दोन तऱ्हेचे दिवे लागतात. तुझ्याकडे एकच ना?"

पाद्रींना पहिला चहा घरची मालकीण ओतते. चाळीस वर्षं तो मान गोबनेटचा होता. तिने चहाची किटली उचलली आणि सगळ्यांदेखत नेलीच्या हातात दिली.